एकाच दिशेने, वीस वेळा

माझ्या प्रबंधात एक वाक्य आहे. प्रबंध इंग्रजीत आहे, पण मराठीत सांगायचं तर ते असं: 'काचा जुन्या रेशमी साडीच्या तुकड्याने, एकाच दिशेने, वीस वेळा पुसल्या.' हे वाक्य काढून टाक म्हणून मला माझ्या गाइडने सांगितलं, सासूने सांगितलं, नवऱ्यानेही एकदा दबकत दबकत सुचवून पाहिलं. मी काढलं नाही. ते का काढलं नाही, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

मी भांडखोर आहे हे आधीच कबूल करते. आमच्या घरी 'हिच्या जिभेला हाड नाही' हे माझ्याबद्दल इतक्या वेळा बोललं गेलंय की पाहुण्यांना ओळख करून देतानाही तेच सांगत असावेत. आम्ही कुंभकोणमचे. कुठल्याशा राजाच्या काळात पूर्वज इकडे आले आणि राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. एकदा पुण्याला परिषदेला गेले होते तेव्हा जेवणाच्या रांगेत माझं मराठी ऐकून दोघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी त्यांना म्हटलं, 'हसा बाई, पोटभर हसा, मला तुमच्याहून जुनं येतं.'

ऐंशीच्या दशकात मी इथल्या एका मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. लग्न झालेलं होतं, आणि नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं, म्हणून पीएच.डी.ला अर्धवेळ नाव नोंदवलं. गाइड बसने सहा तासांवरच्या शहरात. मुदत सात वर्षांची. सात वर्षांत सही झालेला प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर नोंदणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. विषय होता द्रवस्फटिक.

द्रवस्फटिक म्हणजे काय, हे मी मुलींना असं सांगत असे. पंगतीला बसलेली माणसं म्हणजे घन पदार्थ. ज्याचं पान त्याची जागा, कुणी हलायचं नाही. जेवण झाल्यावर हात धुवायला उडणारी झुंबड म्हणजे द्रव. आणि आपल्या शेजारच्या मरुदानल्लूर गावातल्या भजनाची दिंडी निघते ना, तिच्यात सगळे पुढेमागे सरकतात, कुणाची जागा ठरलेली नसते, पण तोंडं मात्र सगळ्यांची एकाच दिशेला असतात. तो द्रवस्फटिक. काही लांबोडक्या रेणूंचे पदार्थ वितळले की आधी असे दिंडीसारखे होतात, दुधासारखे गढूळ दिसतात, आणि आणखी तापले की मगच स्वच्छ पाण्यासारखे होतात. आकडे दाखवणारी घड्याळं तेव्हा सिंगापूरहून येऊ लागली होती, त्यांच्या पोटात हेच असतं.

मी बनवलेला पदार्थ मोठा गुणाचा होता. आमच्या मे महिन्याच्या उकाड्यात तो टेबलावर ठेवल्या ठेवल्या आपोआप गढूळ द्रव व्हायचा. एरवी दिवे ओतणाऱ्या कारागिराकडून करून घेतलेल्या जाड पितळी तबकडीवर मी तो तापवत असे. कॉलेजात यंत्रं म्हणाल तर नावाला. वनस्पतिशास्त्राकडून जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला. नवऱ्याच्या बँकेत मरून पडलेले दोन कॅल्क्युलेटर होते, त्यांच्या पडद्यावरची धुरकट फिल्म सोलली, एक तुकडा काचेखाली आणि दुसरा वर, एकमेकांना आडवे लावले. अशा दोन आडव्या फिल्ममधून साधा द्रव पाहिला तर काळोख दिसतो. द्रवस्फटिक असेल तर उजेड दिसतो, रंग दिसतात, आणि माझ्या पदार्थाच्या जातीत त्या उजेडात काळ्या धाग्यांचं जाळं दिसायला हवं. ते धागे हीच त्याची ओळख.

माझ्या काचांत धागे दिसत नव्हते.

उजेड दिसायचा, पण सपाट. काच गोल फिरवली की सगळं एकदम काळं, आणखी फिरवली की सगळं एकदम उजळ. असं अखंड घन स्फटिकात होतं. पण वरची काच बोटाने दाबली तर पदार्थ सरळ वाहत होता. मी जे दिसलं ते वहीत लिहिलं आणि काचा डब्यात घालून गाइडकडे गेले.

गाइड वाईट माणूस नव्हता, हे मी आजही सांगेन. पण त्याच्या खोलीत थंड हवेचं यंत्र होतं आणि त्याच्या डोक्यात, कुंभकोणमसारख्या गावात फार तर कॉफी चांगली होते, असं पक्कं बसलेलं होतं. त्याने माझी काच पाहिली. मग माझ्याच बाटलीतला पदार्थ त्याच्या विद्यार्थ्याने त्यांच्या काचेवर लावला. तिथे धागे. लखलखीत, मोजून घ्यावेत असे.

'अम्मा,' तो तमिळमध्ये म्हणाला, 'तुमच्या काचेवर आहे ते तुमच्या बाटलीतलं नव्हे. काहीतरी भेसळ झाली आहे.'

'सर, बाटली एकच आहे.'

'मग वाहतं कसं आणि धागे का नाहीत?'

'तेच तर मी विचारतेय!'

त्याने माझी वही ओढली, समासात 'नोंदी विश्वासार्ह नाहीत' असं लिहिलं, खाली सही, खाली तारीख. वर म्हणाला, की कुंभकोणमला केलेलं काहीही प्रबंधात चालणार नाही, इथे येऊन दोन वर्षं राहा आणि सगळं पुन्हा करा. इथे येऊन राहा! म्हणजे नोकरी सोडा, घर सोडा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, 'कुणी वारलं का हो?' मी म्हटलं, 'अजून नाही.'

पुढची तीन वर्षं मी तो पदार्थ शुद्ध करत बसले. विरघळवायचा, गाळायचा, थंड करून खडे पाडायचे, पुन्हा विरघळवायचा. लोक दोनदा करतात, मी सातदा केला. द्रावक बदलला, बाटल्या बदलल्या, कॉलेजच्या विहिरीच्या पाण्यावर संशय घेतला. माझ्या काचा तशाच सपाट, आणि गाइडच्या समासातली सही तशीच. तीन वर्षांत पाच सह्या झाल्या. नवरा शनिवारी संध्याकाळी विचारायचा, 'काय, उतू गेलं का दूध?' तो चेष्टाच करत होता, पण एकदा मी पितळी तबकडी त्याच्या दिशेने उचलली तेव्हा त्याने विचारणं बंद केलं.

खरं सांगते, त्या काळात मला स्वतःचाच संशय येऊ लागला होता. आपलाच हात वाईट असेल, आपणच कुठेतरी घोळ करत असू, असं वाटून मी प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी उभी राहून रडले आहे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मग एका शनिवारी तापाने फणफणत कॉलेजात गेले. आमच्या प्रयोगशाळेत एक वयस्क अक्का अटेंडंट होती. ती म्हणाली, 'टीचर, तुम्ही बसा, काचा मी पुसते.' तिने कमरेचं सुती फडकं काढलं आणि ताट पुसावं तशा गोल गोल घासून काचा दिल्या. मी पदार्थ लावला, तबकडीवर तापवला, डोळा लावला.

धागे! अहो, सगळीकडे धागे! मी इतकी मोठ्याने ओरडले की अक्काला वाटलं काच फुटली. 'मी काही नाही केलं हो टीचर,' ती म्हणाली. मी म्हटलं, 'तूच केलंस गं बाई, तूच केलंस.'

बाटली तीच, काचा त्याच, फक्त पुसणारा हात वेगळा. मग मी कशा पुसत होते? आता आत्याबद्दल सांगायला हवं. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्याकडे आत्याच्या मुलाला देतात. आत्याचं सोवळं म्हणजे कडक. तिच्या देवघरात काचेआड बसवलेली सोन्याच्या वर्खाची जुनी तसबीर होती. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ती काच पुसायचं काम माझं, आणि ते रेशमानेच, वरून खाली, एकाच दिशेने, मोजून वीस वेळा. उलटा हात फिरला की ओरडायची, 'उलटं काय पुसतेस गे, मळ मागे नेतेस की!' मी धुसफुसत पुसायचे. आणि कॉलेजात काच हातात आली की माझा हात आपोआप तसाच चालायचा. कापडही रेशमीच होतं. सुताचे तंतू काचेला चिकटतात म्हणून मी आत्याच्या गाठोड्यातून तिच्या फाटक्या, तिरुभुवनमच्या रेशमाच्या सोवळ्याचा एक तुकडा गुपचूप कापून आणला होता.

म्हणजे माझ्या पुसण्याने काचेला एक दिशा मिळत होती, आणि पदार्थाचे सगळे रेणू त्या दिशेला तोंड करून उभे राहत होते. धागे दिसतात ते दिशा बिनसलेल्या ठिकाणी. माझ्याकडे काही बिनसतच नव्हतं. मी खात्री करायला एक काच अर्धी उभी पुसली, अर्धी तिरपी. दोन आडव्या फिल्ममधून पाहिलं तर अर्धी काच काळी, अर्धी उजळ, मध्ये रेघ मारल्यासारखी हद्द. थोडी फिरवली की काळ्याची उजळ, उजळाची काळी. ताप कुठल्या कुठे पळाला.

पुढच्या आठवड्यात गाइडसमोर तेच करून दाखवलं. त्याने सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला, चष्मा पुसला, उठून कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं, पानं चाळली आणि म्हणाला, 'यात नवीन काही नाही. काच घासली की रेणू रांगेत येतात, हे कित्येक दशकांपूर्वीचं आहे.'

'तुम्हाला माहीत होतं?'

'वाचलं होतं.'

'मग तीन वर्षांत एकदा तरी का नाही विचारलंत, की अम्मा, तुम्ही काच कशी पुसता?'

त्याने पुस्तक परत कपाटात ठेवलं. पण त्या दिवसापासून माझ्या नोंदी चालू लागल्या, आणि मी घाईने प्रबंध लिहायला बसले, कारण मुदतीचं शेवटचं वर्ष लागलं होतं.

आणि त्या वाक्याशी घोडं अडलं. गाइडने त्यावर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, 'काचा प्रमाणित पद्धतीने स्वच्छ केल्या.'

'सर, मी प्रमाणित पद्धतीने नाही केल्या.'

'अम्मा, हा प्रबंध आहे, स्वयंपाकघर नव्हे. साडी? परीक्षक हसतील. माझ्या प्रयोगशाळेला हसतील.'

'हसू देत. पण तुमचं वाक्य ठेवलं तर माझं वाचून कुणी प्रमाणित पद्धतीने काच पुसेल, त्याला धागे दिसतील, आणि तो म्हणेल ही बाई खोटारडी. तुम्ही म्हणालात तसंच.'

'वाक्य निघेपर्यंत सही होणार नाही,' तो म्हणाला. मुदत संपायला बारा दिवस उरले होते. मी कागद उचलले आणि बस पकडली.

घरी आले तर तिथे वेगळाच तमाशा. नवऱ्याने, मेल्याने, आईला सगळं सांगून टाकलं होतं. आत्या ओसरीत विड्याची पानं पुसत बसली होती. मला पाहताच म्हणाली, 'माझं सोवळं फाडून रसायनात बुडविलंस? आणि वरतून पुस्तकात लिहितेस? चारचौघांत माझी साडी?'

'नाव नाही लिहिलं गं आत्या तुझं. फक्त जुनी रेशमी साडी म्हटलंय.'

'काढ ते.'

त्याच वेळी पट्टीश्वरम्‌हून आलेले नवऱ्याचे एक चुलते तिथे कॉफी पीत होते. त्यांना ही गोष्ट भलतीच आवडली. ते म्हणाले, 'काढू नको! उलट मोठं करून लिही. आपल्या पूर्वजांना हे विज्ञान आधीच ठाऊक होतं, म्हणून तर सोवळ्यात रेशीम. मी मठात भाषण ठेवतो.'

माझं डोकंच फिरलं. 'काही ठाऊक नव्हतं पूर्वजांना!' मी म्हटलं. 'त्यांना तसबीर स्वच्छ हवी होती, झाली. काचेवर रेणू उभे राहतात हे मला दिसलं, आणि तेही फसत फसत, तीन वर्षं शिव्या खाऊन. महिन्यातले चार दिवस याच सोवळ्याने मला मागच्या पडवीत बसवलंय आणि मी तिथे बसून पेपर तपासलेत. त्याचं विज्ञानही सांगा की भाषणात!'

चुलत्यांनी कॉफी अर्धी टाकली आणि पानाचा डबा घेऊन गेले. नवरा न्हाणीघराकडे सटकला. मला वाटलं आता आत्या बोलणार, आणि मी तयारीतच होते.

पण आत्याने हातातलं पान पुसून बाजूला ठेवलं. मग तिने विचारलं, 'तो तुझा सर काय लिही म्हणतो?'

'सगळे पुसतात तशा पुसल्या म्हणून लिही.'

'तशा पुसल्यास?'

'नाही.'

'मग तसं कसं लिहिशील?' ती एकदम तडकली. 'मी आजवर न पुसलेलं भांडं देवापुढे ठेवून पुसलं म्हटलं नाही. माझी साडी चोरलीस त्याचं मी तुज वेगळं बघते. पण जे केलंस तेच लिही. आणि वीस लिहिलंस का? अठरा-एकोणीस नव्हे?'

'वीसच लिहिलंय.'

'हं,' म्हणाली, आणि पानं उचलून आत गेली. आत्यावर मी आयुष्यभर चिडत आले, पुढेही चिडले, पण त्या संध्याकाळी मला ती फार आवडली.

मुदतीच्या दोन दिवस आधी मी पुन्हा गाइडच्या खोलीत गेले. तेच वाक्य पुन्हा टाइप करून नेलं होतं. त्याने ते पाहिलं आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. 'मग दुसरा गाइड शोधा,' तो म्हणाला.

'शोधते,' मी म्हटलं. 'पण प्रबंध याच वहीवर उभा राहील, सर. आणि वही मी परिशिष्टात जशीच्या तशी लावणार आहे, समासासकट. पाच ठिकाणी लिहिलंय, नोंदी विश्वासार्ह नाहीत. खाली सही आहे, तारीख आहे. नोंदी बरोबर होत्या हे तुम्हीच डोळ्यांनी पाहिलंत. लोकांनाही पाहू देत.'

सात वर्षं जात होती, आणि हा माणूस 'जा' म्हणाला असता तर मी गेले असते, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. त्याने वही मागितली, पाचही पानं उलटली, हळूहळू. मग टोपण काढलं आणि सही केली. 'परीक्षकांना तुम्हीच तोंड द्या,' तो म्हणाला.

'देईन की.'

तोंडी परीक्षा काही महिन्यांनी झाली, नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. मोठ्या खोलीत विभागातले सगळे, विद्यार्थी, मागे माझा नवरा इस्त्रीच्या शर्टात घामाघूम. बाहेरून आलेले परीक्षक वयोवृद्ध होते, या विषयातले जाणते. त्यांनी तासभर नीट प्रश्न विचारले. मग चष्मा कपाळावर सरकवून ते वाक्य मोठ्याने वाचलं. साडीवर आले आणि स्वतःच फिसकन हसले. मग काय, सगळी खोली हसली. गाइडने मान खाली घातली.

मी हसणं संपेपर्यंत थांबले. मग म्हटलं, 'हसून झालं असेल तर काच पुसून दाखवते.'

कुणी नको म्हणायच्या आत मी सूक्ष्मदर्शकाच्या टेबलाशी गेले. पिशवीतून रेशमाचा तुकडा आणि पितळी तबकडी काढली, दोन काचा घेतल्या. एक, दोन, तीन, मोठ्याने मोजत पुसल्या, आणि बारापर्यंत आले तोवर मागचे विद्यार्थी माना उंचावून पाहू लागले होते. प्रत्येक काच अर्धी उभी, अर्धी तिरपी. पदार्थ लावला, तापवला, आणि बाजूला झाले. परीक्षकांनी डोळा लावला. काच फिरवली. पुन्हा फिरवली. त्यांनी वर पाहिलंच नाही.

'किती वेळा पुसलंत?' त्यांनी डोळा न काढता विचारलं.

'वीस, सर. एकाच दिशेने.'

'रेशीमच?'

'रेशीमच.'

'हे फार महत्त्वाचं आहे,' ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. 'हे कुठेतरी नीट लिहून ठेवायला हवं, अम्मा.'

'लिहिलंय, सर,' मी म्हटलं. 'त्यालाच तुम्ही मघाशी हसलात.'